सोसायटीतलं जुनं झाड पार्किंगसाठी तोडून बदल्यात पाच रोपं लावली तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटी नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, आवारात चाळीसेक वर्षांचा पर्जन्यवृक्ष आहे, तो काढला तर चार गाड्यांची जागा होईल म्हणून कमिटीने तोडायचा ठराव केलाय आणि बदल्यात पाच रोपं लावू असं म्हणतेय. हे कायद्यात बसतं का? बसत नसेल तर शेजाऱ्यांशी वाकडं न घेता अडवायचं कसं?

ठराव करून झाड तोडता येत नाही. सर्वसाधारण सभेत एकमताने केला तरी नाही. झाड सोसायटीच्या जागेत आहे, सोसायटीनेच लावलंय, पाणीही सोसायटीनेच घातलंय, हे सगळं खरं असलं तरी परवानगी नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाचीच, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीचीच, लागते. उत्तर एवढ्यावर संपवता आलं असतं, पण तुमच्या प्रश्नातली ती ‘पाच रोपं’ मला जास्त खटकली, म्हणून जरा लांबण लावतो. मी आमच्या सोसायटीचा काही वर्षं सेक्रेटरी होतो आणि तेव्हापासून आजूबाजूच्या सोसायट्यांचे असले कागद बघून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांना लागू असलेला झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा १९७५ चा आहे. सगळा वाचायची गरज नाही, कलम ८ वाचा. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः येऊन झाड बघायचं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि झाडावरही दर्शनी भागी नोटीस लावायची. त्यानंतर लोकांच्या हरकती. हे सगळं होऊन परवानगी मिळाली तरी पुढचे १५ दिवस झाडावर कुऱ्हाड चालवता येत नाही. ज्याला त्या परवानगीविरुद्ध दाद मागायची त्याला हातात वेळ मिळावा म्हणून हे १५ दिवस.

ती झाडावरची नोटीस मात्र तुम्हाला शोधावी लागेल. आमच्या शेजारच्या गल्लीत एका झाडाला साधा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने बांधला होता आणि मजकुराची बाजू कंपाउंडच्या भिंतीकडे! भिंत आणि बुंधा यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट. मोबाइल आत सरकवून फोटो काढला तेव्हा कळलं की हरकतीची मुदत संपायला दोनच दिवस उरलेत. तेव्हा रोज येता-जाता झाडाला एक प्रदक्षिणा घाला. कागद दिसला की आधी त्याचा, मग कागद कुठे लावलाय ते दिसेल असा लांबून, असे दोन फोटो काढून ठेवा. हरकतीला वकील लागत नाही. साध्या कागदावर नाव, पत्ता, झाड कुठलं आणि हरकत काय एवढं लिहायचं, उद्यान विभागात द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आता हरकतीत लिहायचं काय? झाड वाळलंय, रोगट आहे, वाऱ्याने उन्मळलंय, जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, रहदारीला अडथळा होतोय, अशा कारणांसाठी परवानगी नाकारू नये असं कायदाच सांगतो. पार्किंग त्या यादीत नाही. म्हणून तुमच्या कमिटीच्या अर्जात पार्किंग हा शब्द बहुधा सापडणारच नाही. तिथे ‘धोकादायक’ सापडेल. हा शब्द मी इतक्या अर्जांत वाचलाय की आता अर्ज उघडायच्या आधीच तो दिसतो. यावर ‘झाड आपला मित्र आहे’ छापाची हरकत देऊन काहीही होत नाही. विचारायचं असं: धोका नेमका कशाचा? बुंधा पोकळ आहे का? बुडाशी अळंबी उगवलीय का? खोड अलीकडे कललंय का, एका बाजूची माती उचलली गेलीय का? मोठ्या फांदीच्या बेचक्यात चीर आहे का? यातलं काही नसेल तर धोका कुठून आला ते पाहणी अहवालात लिहा, अशी मागणी करा. आणि यातलं काही खरंच असेल तर मात्र हट्ट धरू नका. पर्जन्यवृक्षाचं लाकूड फार चिवट नसतं, पावसात पाण्याने जड झालेली आडवी फांदी मोडून खाली येते, हे खोटं नाही. मुंबईत मिलीबगच्या किडीने कितीतरी पर्जन्यवृक्ष उभ्याउभ्या वाळले, ते काढावेच लागले.

‘विदेशी झाड आहे, काढलेलंच बरं’ असंही कोणीतरी सभेत म्हणेल. पर्जन्यवृक्ष मूळचा अमेरिका खंडातला, हे बरोबर आहे. पण कायद्यात झाडाची व्याख्या करताना देशी-विदेशी असा भेद केलेला नाही. व्याख्येवरून आठवलं, गोव्यात २०१६ साली वृक्ष संरक्षण कायद्यातून चक्क माडच वगळला होता. केवढा गदारोळ झाला! पुढच्या वर्षी तो परत घेतला आणि राज्यवृक्षही केला. असो.

आता पाच रोपांकडे. आधीच्या नियमाप्रमाणे तोडलेल्या झाडाच्या बदल्यात ३० दिवसांत दुसरं झाड लावायचं, असं साधं कलम होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ते बदललं. आता झाडाचं वय जेवढं, तेवढी झाडं लावायची. म्हणजे तुमचं झाड ४० वर्षांचं ठरलं तर ४०, पाच नव्हेत. तीही सहा ते आठ फूट उंचीची हवीत, वीतभर रोपं चालत नाहीत. प्रत्येकाचं जिओ-टॅगिंग (नेमक्या जागेची डिजिटल नोंद) करायचं आणि सात वर्षं निगा राखायची. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं निघालं तर ते हेरिटेज वृक्ष ठरतं आणि प्रकरण आणखी अवघड होतं. त्यामुळे ‘चाळीसेक’ हा आकडा कुठून आला ते आधी शोधा. बुंध्याचा घेर मोजून त्यावरून वयाचा अंदाज बांधतात, पण पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो, घेरावरून तो आहे त्याहून म्हातारा वाटू शकतो. इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख, जुने फोटो, पहिल्यापासून राहणारे आजी-आजोबा, हे पुरावे जास्त कामाचे. शहरात वृक्षगणना झाली असेल तर तीही मागा. दर पाच वर्षांनी ती करायची, असं कायद्यातच आहे. मुंबईच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं नोंदली गेली होती, म्हणजे हे काम अशक्य आहे असं कोणी सांगू नये.

माझ्या मते तुमचा खरा मुद्दा इथेच आहे. तोडायची परवानगी मिळते की नाही यावर सगळे भांडतात, पण बदल्यात लावायची झाडं कुठे लावणार आणि कोण जगवणार हे कोणीच विचारत नाही. ते अर्जाच्या वेळीच विचारा. तुमच्या आवारात ४० झाडं मावतील का? मोठ्या होणाऱ्या दोन झाडांत पाच-सहा मीटर तरी अंतर लागतं. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ लावले तर दहा वर्षांनी तेच ‘धोकादायक’ म्हणून अर्जात येतील. मग कमिटी म्हणेल, गावाबाहेरच्या टेकडीवर लावू. ठीक आहे, टेकडी कोणाची? तिथे एप्रिल-मे महिन्यात टँकर कोण नेणार? या उत्तरांचा नकाशा, जातींची नावं आणि जबाबदार माणसाचं नाव अर्जासोबत जोडायला लावा. काही ठिकाणी प्रत्येक झाडामागे अनामत रक्कम भरून घेतात, तुमच्याकडे ती पद्धत आहे का तेही बघा. पैसे अडकलेले असले की पाणी घालायची आठवण राहते. आणि हा सगळा खर्च ताळेबंदात मांडला की चार गाड्यांची जागा किती महाग पडते ते सभासदांना तुम्ही न सांगताच कळेल.

समजा परवानगी मिळालीच, झाड गेलंच, तर निदान लावलेली तरी नीट जगवा. नर्सरीत उंच झाड निवडताना नुसती उंची बघू नका. पिशवीच्या तळाशी मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते झाड जमिनीतही तशीच मुळं फिरवत बसतं आणि काही वर्षांनी वाऱ्याने आडवं होतं. खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल, लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर, आणि नंतरचे दोन उन्हाळे पाणी. आळं मोकळं ठेवा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटवून बसवायची आपल्याकडे फार हौस. दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. सोसायटीत दाखवायला हे उदाहरण बरं पडतं. बहावा, ताम्हण, करंज, कदंब यांतलं जागेप्रमाणे निवडा, विजेच्या तारांखाली कांचन किंवा पारिजातक.

‘झाड तोडत नाही, पुनर्रोपण करतो’ असा प्रस्ताव आला तर फार हुरळून जाऊ नका. एवढं मोठं झाड हलवायचं म्हणजे फांद्या छाटून नुसता सांगाडा ठेवायचा, मुळं चारी बाजूंनी तोडायची आणि क्रेनने उचलायचं. त्यातून ते तगण्याची आशा कमीच.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना शत्रू धरू नका. ज्यांना झाड नको असतं त्यांच्यातल्या निम्म्यांना पार्किंगपेक्षा पक्ष्यांची घाण, गच्चीवर साठणारा पाला आणि पावसाळ्यातली भीती यांचा त्रास असतो. आमच्याकडे छाटणीवर तोड निघाली. पावसाळ्याआधी रीतसर परवानगी काढून वाळक्या आणि इमारतीवर आलेल्या फांद्या काढल्या, तोल राहील अशा बेताने, एकाच बाजूने सफाचट नाही. छाटणीलाही परवानगी लागते हे लक्षात ठेवा, कारण कायद्याच्या भाषेत झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच येतं. बुंध्याला भोक पाडून हिंग किंवा अ‍ॅसिड भरायचे उद्योगही त्याच कलमात बसतात. झाडावर घरटी असतील तर पिल्लं उडून जाईपर्यंत छाटणीही थांबवा.

सभेत आकड्यांनीच बोलायचं असेल तर एक आकडा देतो. पश्चिम बंगालमधल्या झाडतोडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली एका झाडाचं मोल दर वर्षाला ७४,५०० रुपये धरलं होतं. ४० वर्षांचे होतात २९ लाख ८० हजार. हा दंड नव्हे, समितीचा हिशेब आहे, तेवढा खुलासा तुम्हीच आधी करा, म्हणजे कोणी तोंडघशी पाडणार नाही.

दंडाचंही सांगतो. मूळ कायद्यात एक हजार ते पाच हजार रुपये दंड आणि एक आठवडा ते एक वर्ष कैद होती, २०२१ नंतर दंड झाडामागे एक लाखापर्यंत जाऊ शकतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावन भागात बेकायदा तोडलेल्या ४५४ झाडांसाठी झाडामागे एक लाख, असा दंड कायम ठेवला. कमिटीच्या चेअरमनसाहेबांना हे बाजूला घेऊन सांगा, सभेत नको.

एवढं करूनही कोणी घाई केलीच तर ती सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री होईल. मुंबईत आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. तुमचं तर एकच आहे, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा उद्यान विभागाचा आणि पोलीस ठाण्याचा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये ठेवा. करवतीचा आवाज आला तर खाली जाऊन आधी परवानगीचा कागद मागा आणि त्यावरची तारीख वाचा, १५ दिवस उलटलेत का बघा. कागद नसेल तर ११२ ला फोन करा, व्हिडिओ काढा आणि पंचनामा होईपर्यंत लाकूड टेम्पोत चढवू देऊ नका. लाकूड एकदा गेलं की झाड केवढं होतं हे सिद्ध करणं कठीण जातं. यासाठीच आत्ता, झाड उभं असताना, छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजा आणि टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा.

कमिटीने अर्ज केलाय की नाही हेच माहीत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला: गेल्या तीन वर्षांत आपल्या प्रभागात किती झाडं तोडायला परवानगी दिली, बदल्यात किती लावली आणि त्यातली आज किती जिवंत आहेत. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘माहिती उपलब्ध नाही’ असंच उत्तर येतं. आलं तर ते हरकतीला जोडा.