नर आणि मादी विंचू बाहेरून कसे ओळखावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की, विंचू नर आहे की मादी हे केवळ बाहेरून पाहून सांगता येते का, आणि दोन विंचवांपैकी जो मोठा दिसतो तो नर समजावा का. सांगता येते, मात्र त्यासाठी विंचवाची पाठ नव्हे, तर पोटाकडची बाजू पाहावी लागते. मोठा तो नर हा समज मात्र सोडून द्यावा, कारण अंगाने भरलेला विंचू बहुतेक वेळा मादी असतो.

विंचवाच्या पायांच्या चार जोड्या असतात. त्यांपैकी शेवटच्या जोडीच्या लगेच मागे, पोटाखाली, दोन्ही बाजूंना फाकलेले दोन कंगवे दिसतात. हा अवयव आज जगात असलेल्या प्राण्यांपैकी फक्त विंचवाकडेच आहे आणि लिंग ओळखण्यासाठी माझा सर्वांत अधिक भरवसा त्याच्यावरच आहे. कंगव्याच्या प्रत्येक दात्यावर अतिसूक्ष्म संवेदी खुंट दाटीने बसवलेले असतात आणि विंचू चालताना हे दाते जमिनीला टेकवत जमिनीचा पोत व तिच्यावरील रासायनिक खुणा तपासत जातो. मादी जिथून गेलेली असते तिथे तिच्या अंगचा रासायनिक माग उरतो; तो हुंगत तिच्यापर्यंत पोहोचणे हे नराचे काम असल्याने त्याचे कंगवे अधिक लांब असतात, दाते मोठे असतात आणि बहुधा संख्येनेही जास्त असतात. मादीचे कंगवे आखूड व दाते बुटके असतात, आणि काही जातींच्या मादीत तर कंगव्याच्या बुंध्याजवळचा भाग दातेविरहित असतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. दात्यांची संख्या जातीनुसार फार बदलते, आणि एकाच जातीतही सर्वांत कमी दात्यांचा नर व सर्वांत जास्त दात्यांची मादी यांचे आकडे एकमेकांत मिसळू शकतात. म्हणून एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीला लावू नये, आणि शक्य असेल तर एकाच जातीचे दोन-तीन विंचू शेजारी ठेवून तुलना करावी. दात्यांची संख्या मात्र वयानुसार वाढत नाही. जन्मतः जितके दाते असतात तितकेच प्रौढपणीही राहतात, वाढतो तो केवळ त्यांचा आकार. त्यामुळे पिल्लांच्या बाबतीत इतर सगळ्या खुणा निरुपयोगी असतानाही कंगव्यावरून काही अंदाज बांधता येतो.

कंगव्यांच्या किंचित पुढे, मध्यभागी, जननछिद्रावरचे छोटे झाकण असते. अनेक जातींच्या नरात या झाकणाखाली दोन बारीक उंचवटे असतात, जे मादीत नसतात. परंतु ते पाहण्यासाठी भिंग लागते आणि विंचू हातात धरावा लागतो, म्हणून नवख्या माणसाने या खुणेच्या मागे लागू नये असे मला वाटते.

आता शरीराच्या ठेवणीकडे वळतो. विंचवाची मादी अंडी घालत नाही. ती जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि हा गर्भकाळ जातीनुसार काही महिन्यांपासून वर्षाहूनही अधिक असू शकतो. इतका काळ पोटात पिल्ले वाढवायची असल्याने तिचे धड रुंद व वजनदार असते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो, ते बिऱ्हाड आईच्याच पाठीवर असते. पांढुरकी पिल्ले अंगावर घेतलेला विंचू दिसला तर आणखी कोणतीही खूण तपासण्याची गरज नाही. पिल्ले आईचे पोट फाडून बाहेर येतात व ती मरते, ही समजूत खरी नाही. ती जननछिद्रातून बाहेर पडून पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथे राहतात. तरीही केवळ फुगलेल्या पोटावरून मादी ठरवू नये. विंचवाच्या धडावरील कठीण पट्ट्यांमधली त्वचा ताणली जाते, त्यामुळे भरपेट खाल्लेला नरही गर्भार मादीसारखा दिसतो, आणि या खुणेने मला स्वतःला एकदा फसवलेले आहे.

नर सहसा सडपातळ असतो आणि पुष्कळ जातींत त्याच्या शेपटीचे पेर मादीपेक्षा लांब असतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील खडकांच्या कपारींत राहणाऱ्या हॅडोजेनिस ट्रोग्लोडायटीस या जातीत हा फरक इतका टोकाचा आहे की, लांबलचक शेपटीमुळे नराची एकूण लांबी सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे ‘मोठा’ हा शब्द लांबीसाठी वापरला की वजनासाठी, यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालटू शकते.

चिमट्यांबाबत सरसकट नियम सांगता येत नाही. काही जातींत नराच्या चिमट्याचा पंजा फुगीर असतो आणि बोटांच्या बुंध्याशी खाच असल्याने ती मिटली तरी मध्ये फट राहते. काही जातींत उलट नराचे चिमटे लांब व निमुळते असतात. या फरकामागचा एक धागा मीलनात दिसतो. नर मादीचे चिमटे आपल्या चिमट्यांत धरून तिला पुढे-मागे चालवत नेतो, कंगव्यांनी योग्य कठीण जागा शोधतो, तिथे शुक्राणूंची कुपी जमिनीवर रोवतो आणि मादीला तिच्यावर ओढून घेतो. पकड सुटली तर सगळेच फसते. कॅलिफोर्निया व त्याच्या दक्षिणेकडच्या बाहा द्वीपकल्पात आढळणाऱ्या ॲन्युरोक्टोनस या प्रजातीत तर फरक थेट नांगीवर दिसतो; नराच्या काट्याच्या बुडाशी ठळक फुगवटा असतो.

काही जातींत तुलनेसाठी नर मिळणेच कठीण असते. ब्राझीलमधील टिटियस सेरुलाटस या पिवळ्या विंचवाच्या बहुतेक वस्त्यांत केवळ माद्याच असतात आणि त्या नराविना पिल्लांना जन्म देतात.

प्रत्यक्ष पाहताना विंचू हातात घेऊ नये, कारण नर असो वा मादी, विषारी नांगी दोघांनाही असते. सपाट तळाच्या पारदर्शक डबीत तो सोडून खालच्या बाजूने छायाचित्र घ्यावे आणि ते मोठे करून कंगवे पाहावेत. याहूनही सुरक्षित मार्ग म्हणजे टाकलेली कात. कातीवर कंगव्यांचा प्रत्येक दाता जसाच्या तसा उतरलेला असतो. ती थोडा वेळ पाण्यात मऊ करून, अलगद पसरून भिंगाखाली ठेवली की दाते सावकाश मोजता येतात, आणि विंचवाला त्रासही होत नाही.