पायलटची सुट्टी दिवाळी बघून येत नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका आईनं लिहिलंय: ‘मुलगी बारावी सायन्सला आहे. पायलटच व्हायचं म्हणून हटून बसलीय. हिचे बाबा म्हणतात, पायलटला निम्मा महिना सुट्टी असते. माझ्या नणंदबाई म्हणतात, ना दिवाळी, ना पाडवा, पोरीचा संसार व्हायचा कसा? खरं काय ते सांगा.’

ताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वर्षभरात १००० तासांपेक्षा जास्त विमान उडवता येत नाही, असा नियमच आहे. पण विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतचेच हे तास. त्याआधीची तयारी, दोन उड्डाणांमधलं थांबणं, परगावच्या हॉटेलातली रात्र यांचा हिशेब त्यात येत नाही.

सकाळी सहाचं विमान धरा. मुंबईत राहणाऱ्या पायलटच्या दाराशी गाडी पावणेचारला येते. पाचच्या आत विमानतळावर हजेरी, मग श्वासाची तपासणी. तिथं दारूचा अंशही चालत नाही. हवामान, इंधन, सोबतच्या पायलटशी बोलणं, आणि मग मुंबई-गुवाहाटी, परत मुंबई. दुपारी अडीच-तीनला घरी. ऐकायला बरं वाटतं. पण पहाटे तीनला उठायचं तर आदल्या संध्याकाळी सात-आठलाच आडवं व्हायला हवं, आणि त्या वेळी सगळं घर जागं असतं. दुसऱ्या दिवशी ड्युटी संध्याकाळची, मुक्काम चेन्नईला. तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा परत. झोपेची वेळ रोज सरकत राहते. या नोकरीत खरं दमवतं ते हेच. याशिवाय स्टँडबाय असतो. त्या दिवशी घरी असूनही बॅग भरून फोनची वाट बघायची. त्या दिवशी बारशाला जायचं कबूल करता येत नाही.

यावर नियम आहेत आणि ते अलीकडे कडक झालेत. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली. रात्रीची व्याख्या मध्यरात्री ते पहाटे सहा अशी वाढवली. रात्रीच्या एका ड्युटीत आधी सहा वेळा लँडिंग चालायचं, ते दोन वेळांवर आणलं. विश्रांतीचा नियम जुलै २०२५ पासून लागू झाला, रात्रीचे नियम नोव्हेंबर २०२५ पासून लागू व्हायचे होते. डिसेंबरमध्ये एका मोठ्या कंपनीला पायलटांची जुळणी जमली नाही, हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा रात्रीच्या काही अटींतून त्या कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. कागदावरचा नियम आणि हातात पडणारं रोस्टर, म्हणजे महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक, यांत असं अंतर पडू शकतं, हे मुलीनं आत्ताच जाणून घ्यावं.

आता आपल्या कोल्हापूरचं. उजळाईवाडीला विमानं येतात, तरी पायलटला राहावं लागतं कंपनीच्या बेसवर, म्हणजे जिथून त्याची ड्युटी सुरू होते त्या शहरात. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद अशी ही शहरं. ४८ तासांची सुट्टी मिळाली की पोरगी महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून घरी येईल, असं तुमच्या मनात असेल. पण त्या सुट्टीत दोन पूर्ण रात्रींची झोप धरलेली असते. एक रात्र येताना गाडीत आणि दुसरी जाताना गाडीत गेली, तर ती थकलेली कॉकपिटमध्ये बसणार. कंपनीच्या सवलतीच्या तिकिटावर यायचं तर जागा शिल्लक असेल तरच, आणि इकडची विमानं लहान. खरं भेटणं होईल ते मोठी रजा घेऊन, महिना-दीड महिना आधी मागून. दिवाळीची रजा सगळ्यांनाच हवी असते, आणि नव्या पायलटचा नंबर शेवटी लागतो. तुमच्या घरी भाऊबीज कधी चार दिवसांनी झाली तर चालणार आहे का, हे आधी घरात बसून बोला. चालत असेल तर निम्मा प्रश्न मिटला.

नणंदबाईंचा प्रश्न संसाराचा. हाच प्रश्न मुलगा पायलट होणार असता तर कुणी विचारला नसता, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या देशात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यांतल्या अनेकींची लग्नं झालीत, मुलंबाळं आहेत. २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा कायद्यानं मिळते. मात्र जोडीदार असा हवा की ती बाहेरगावी मुक्कामाला असताना मुलाचा ताप, डबा, शाळा तो एकटा सांभाळेल. मदतीपुरता पुढं येणारा नवरा या नोकरीत पुरत नाही. स्थळ बघताना हे स्पष्ट विचारायला लाजू नका.

माझं मत विचाराल तर तिला अडवू नका. फक्त राहतं घर गहाण ठेवून फी भरू नका. प्रशिक्षण आणि पुढचं टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण) धरून खर्च पन्नास-साठ लाखांच्या सहज पुढे जातो, आणि लायसन्स मिळताच नोकरी मिळेल याची हमी नसते. हप्त्यांच्या ओझ्याखाली असलेला माणूस थकवा आला तरी ‘मी आज उडवू शकत नाही’ म्हणायला कचरतो, आणि या कामात ते म्हणता येणं फार गरजेचं आहे.

मुलीला सांगा, एखाद्या नोकरीत असलेल्या पायलटला गाठून त्याचं मागच्या महिन्याचं रोस्टर बघायला माग आणि त्यातला प्रत्येक दिवस कसा गेला ते विचार. पायलट होण्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते: आधी क्लास टू मेडिकल, मग त्याहून कडक क्लास वन. डोळे, कान, रक्तदाब, सगळं बघतात. क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम देऊ नका, कुणी ‘सीट भरत आल्यात’ म्हणून कितीही घाई केली तरी. तोवर तिला बारावीचं फिजिक्स आणि गणित नीट करू दे.