वाचक विचारतात : डोंगरातला सुभग खरंच कमी झालाय का?

प्रश्न : आमचं गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात डोंगरात सुभग पक्ष्याची शीळ सतत कानी पडायची. आता ती फारशी ऐकू येत नाही. पक्षी कमी झालेत, की आमचाच भास आहे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण ती आठवणीवर सोडू नका. सुभग पावसाळ्याच्या आगेमागे घरटं करतो आणि नराची लांब, बारीक शीळ तेव्हाच जास्त ऐकू येते. हिवाळ्यात नराच्या पाठीवरचा काळा रंग जातो, तो मादीसारखा हिरवट दिसतो, शीळही कमी घालतो. त्यामुळे जुलैची आठवण आणि जानेवारीची फेरी यांची तुलना केली की पक्षी घटल्यासारखा वाटणारच.

मोजणी अशी करा. नेहमीच्या पाऊलवाटेवर 250 मीटर अंतराने 10 जागा ठरवा. पक्षी हमखास दिसतो तेवढ्याच जागा निवडल्या तर पहिल्या वर्षाचा आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी उगाच घट दिसते. म्हणून पहिली जागा ठरली की पुढच्या फक्त अंतर मोजून घ्या, मग तिथे माळ येवो की झाडी. उजाडताच सुरुवात करा, 9 च्या आत संपवा. प्रत्येक जागी 2 मिनिटं शांत उभं राहा, मग 10 मिनिटं मोजा. सुमारे 50 मीटरच्या आत दिसलेले आणि ऐकू आलेले वेगवेगळे लिहा. एकच नर झाड बदलून शीळ घालतो, तेव्हा दोन नर एकाच वेळी ऐकू आले तरच दोन धरा. हरेवा इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, म्हणून शंका आली की पक्षी डोळ्यांनी पाहा. वारा किंवा पाऊस असेल तर त्या दिवशी मोजू नका.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावू नका. लांबचे नर जवळ येतात, आकडा खोटा ठरतो, आणि विणीच्या दिवसांत त्यांची ताकद त्यातच खर्च होते.

जुलै-ऑगस्टमध्ये दोन फेऱ्या, म्हणजे 20 नोंदी होतात. जिथे एकही पक्षी नाही, तिथे शून्य लिहा. हे शून्यच लोक गाळतात आणि सगळी मेहनत वाया जाते. एकूण 14 पक्षी आले तर सरासरी 0.7. पुढच्या वर्षी 0.5 आली म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे एका वर्षीचा पाऊस दुसऱ्या वर्षीसारखा नसतो आणि अळ्या-किडे पावसावर अवलंबून असतात. किमान 5 वर्षं तरी पाहा. माणूस बदलला तर सुरुवातीला दोघांनी एकत्र मोजून कान जुळवून घ्या.

ही यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. 2023 च्या देशव्यापी पक्षी अहवालात 942 जाती तपासल्या गेल्या, पण दीर्घकालीन कल फक्त 338 जातींचा सांगता आला. त्यांतल्या 60 टक्के घटलेल्या निघाल्या. बाकीच्यांसाठी पुरेशा नोंदीच नव्हत्या. तुमच्या डोंगरातली एकेक यादी म्हणूनच मोलाची आहे. अभयारण्यात पहाटे शिरायचं तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयाची परवानगी घ्या.

प्रश्न : रानात घाणेरी माजलीय. ती काढली तर पक्षी परत येतील?

उत्तर : नुसती काढून नाही. घाणेरीची फळं बुलबुल खातात आणि बी पसरवतात, पण सुभगाला झाडांच्या पानांवरच्या अळ्या-किडे लागतात. सगळी एकदम साफ केली तर जमीन उघडी पडते आणि घाणेरीच पुन्हा उगवते. पट्ट्यापट्ट्याने, वीण संपल्यावर पण जमिनीत ओल असताना काढा. वरून छाटली तर फुटवे येतात. म्हणून मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. पुढची दोन वर्षं रोपं उपटत राहा. मोकळ्या जागी बोर, खैर, धावडा, बाभूळ लावा. वनजमिनीवर मात्र हे काम वनविभागाला सोबत घेऊनच करा.