‘आवडले’ म्हणजे ‘वर्गात वापरेन’ नव्हे : छात्राध्यापक आणि व्हीआर

प्रश्न : बी.एड.च्या ६० छात्राध्यापकांना व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट दाखवला आणि लगेच अभिवृत्ती मापनश्रेणी, म्हणजे त्याविषयीचा कल मोजणारी प्रश्नावली, भरून घेतली. जवळजवळ सगळ्यांचे प्राप्तांक वरच्या टोकाला आले. मार्गदर्शक म्हणतात, श्रेणीतच दोष आहे. नेमके कुठे चुकले असेल?
– एम.एड. विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी विधाने तपासा. ‘आभासी वास्तव हे शिक्षणाचे भविष्य आहे’ या विधानाला भावी शिक्षक नाही म्हणेलच कसा? अशा विधानातून अभिवृत्ती कळत नाही, फक्त शिष्टाचार कळतो. ‘व्हीआर मनोरंजक व उपयुक्त आहे’ यात दोन विधाने एकत्र बांधली आहेत; एक पटले आणि दुसरे नाही, तर खूण कुठे करायची? त्याऐवजी ‘४५ विद्यार्थ्यांच्या वर्गात व्हीआरचा पाठ मी एकट्याने घेऊ शकेन’ असे लिहा. इथे माणूस थबकतो, आणि त्या थबकण्यातच तुम्हाला हवी ती माहिती असते.

निम्मी विधाने नकारार्थी ठेवा आणि त्यांचे गुणांकन उलटे करा, म्हणजे पंचबिंदू श्रेणीत (‘पूर्णतः असहमत’ला १ ते ‘पूर्णतः सहमत’ला ५) ६ मधून मिळालेला गुण वजा करा. २० विधानांत १० नकारार्थी असतील आणि कोणी न वाचता सगळीकडे ‘पूर्णतः सहमत’वर खूण केली, तर त्याची बेरीज १०० न होता ६० होईल, म्हणजे बरोबर मधोमध. हे गुण उलटे करायचे राहिले, तर विश्वसनीयता गुणांकही (विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे सांगणारा आकडा) कोसळतो आणि चांगली विधाने विनाकारण गाळली जातात. ही चूक फार सर्रास होते.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान स्वीकाराचे जे प्रारूप मांडले, त्यात ‘उपयुक्त वाटणे’ आणि ‘वापरायला सोपे वाटणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या श्रेणीतही त्यांचे प्राप्तांक वेगवेगळे काढा. प्रत्यक्ष वापराच्या इराद्यासाठी तिसरा गट करा. एकच बेरीज केली, तर ‘छान आहे, पण मला जमणार नाही’ म्हणणारा छात्राध्यापक त्या बेरजेत हरवून जातो. शिक्षक-शिक्षणाने सर्वांत आधी गाठायला हवे ते त्यालाच.

दुसरा दोष वेळेचा. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकानंतर मोजले जाते ते नवलाईचे कौतुक. तीनदा मोजा : प्रात्यक्षिकाआधी, प्रात्यक्षिकानंतर आणि आंतरवासितेत (शाळेतल्या सराव काळात) प्रत्यक्ष पाठ घेतल्यावर. तिसऱ्या वेळी ‘सोपेपणा’ घसरला तर घाबरू नका. अशा अभ्यासात सर्वांत मोलाची नोंद तीच असते. अर्जावर हजेरी क्रमांक मात्र घेऊ नका. अंतर्गत गुण तुमच्याच विभागाकडे असताना खरे कोण लिहील? आईच्या नावाचे पहिले अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस असा संकेत घ्या. तिन्ही अर्ज जुळतात आणि नावही कळत नाही. दोघांचा संकेत एकच आला, तर गावाचे आद्याक्षर जोडा.

प्रश्न : शाळेत ४८ मुले, तास ३५ मिनिटांचा आणि पुठ्ठ्याचे, आत फोन बसवायचे व्हीआर चष्मे सहा. पाठ टाचणात हे बसवायचे कसे?
– छात्राध्यापक, इतिहास पद्धती

उत्तर : बसते. अजिंठ्याचे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) आणि विहार (भिक्षूंचे निवासस्थान) यांतला फरक हा घटक धरू. १९ क्रमांकाच्या लेण्याचे आणि १ क्रमांकाच्या लेण्याचे ३६० अंशांतले चित्र आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवा. शाळेच्या वायफायवर विसंबू नका.

एका मुलाला ९० सेकंद, बदलायला ३० सेकंद. सहा-सहांच्या आठ फेऱ्यांना १६ मिनिटे लागतात. सुरुवातीची ५ मिनिटे प्रस्तावनेला, शेवटची १२ चर्चेला. पाठ फसतो तो उरलेल्या ४२ मुलांपाशी. त्यांच्या हातात दोन्ही लेण्यांचे तलविन्यास (जमिनीचे आराखडे) द्या आणि स्तूप कुठे, भिक्षूंच्या खोल्या कुठे, हे शोधायला सांगा. चष्म्यातल्या मुलाला ‘बघ’ एवढेच सांगू नका, नेमके काम द्या : ‘छताकडे मान वर कर. फासळ्यांसारखे काय दिसते? ते लाकडाचे की दगडाचे?’ १९ क्रमांकाच्या लेण्यात लाकडी बांधणीची नक्कल दगडात कोरलेली आहे. सपाट चित्रात हे छत मुलाला आपल्या डोक्यावर जाणवत नाही. व्हीआर वापरायचे ते एवढ्यासाठी.

फोनचीही परीक्षा घ्या. ३६० अंशांचा व्हिडिओ लावून फोन फिरवा. चित्र हलले नाही तर फोनमध्ये जायरोस्कोप (फोन वळल्याचे ओळखणारा संवेदक) नाही, तो फोन बाजूला ठेवा. स्वस्त फोनमध्ये हे हमखास आढळते. पुठ्ठ्याचे बहुतेक चष्मे ६ इंचांपर्यंतच्या फोनसाठी आहेत, त्यामुळे आजचे मोठे फोन अडकतात. पडद्यावरची मधली रेघ चष्म्याच्या मधल्या भिंतीवर आली नाही, की एकाची दोन चित्रे दिसतात. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर चैत्यगृहात घरचा फोन येतो.

प्रश्न : वय ४२. प्रात्यक्षिकात दोन मिनिटांत मळमळले. आता व्हीआरचे नाव काढले तरी नको वाटते. शिवाय मला चाळिशीचा चष्मा आहे.
– सेवांतर्गत प्रशिक्षणार्थी शिक्षिका

उत्तर : दोष तुमचा नाही, दाखवलेल्या दृश्याचा असण्याची शक्यता मोठी आहे. डोळे सांगतात ‘आपण चाललोय’ आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘बसलोय’. या विसंगतीने मळमळते. प्रात्यक्षिकात हमखास झोके आणि घसरगाड्याच लावतात. पुढच्या वेळी स्थिर ३६० अंशांचे चित्र मागा, खुर्चीत बसून बघा आणि तीन मिनिटांत थांबा. जांभया, घाम किंवा तोंडाला पाणी सुटणे ही पहिली चाहूल. तेव्हाच हेडसेट काढायचा, सहन करायचे नाही. भिंगांमुळे चित्र मीटरभराहून दूर असल्यासारखे दिसते, म्हणून वाचनाचा चष्मा सहसा लागत नाही. दूरचा असेल तर लावा. अपस्मार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.

प्रश्न : महाविद्यालयासाठी पाच हेडसेट घ्यायचा विचार आहे. याने मुले खरोखर जास्त शिकतात का?
– प्राचार्य, अध्यापक महाविद्यालय

उत्तर : आपोआप नाही. पॅरोंग आणि मेयर यांनी २०१८ मध्ये रक्तपेशींवरचा व्हीआर पाठ आणि त्याच आशयाच्या साध्या स्लाइड यांची तुलना केली. व्हीआरवाल्यांना पाठ जास्त आवडला, पण चाचणीत स्लाइडवाले पुढे होते. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात व्हीआर पाठ तुकड्यांत दाखवून प्रत्येक तुकड्यानंतर सारांश लिहायला लावला, तेव्हा सलग पाहणाऱ्यांपेक्षा अध्ययन सुधारले. छात्राध्यापकांना नुसता हेडसेट हाताळायला देण्यापेक्षा ‘थांबव, काढ, लिही’ हा क्रम सूक्ष्म अध्यापनात (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात) बसवून घ्या.

आधी एकच घ्या आणि सत्रभर वापरून पाहा. एका चार्जिंगवर तो साधारण दोन-तीन तास चालतो, म्हणून सलग तासिका लावू नका. मेटा कंपनीच्या हेडसेटला १० वर्षांखालील मुलांना परवानगी नाही आणि १० ते १२ वयाच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालचे खाते लागते. सराव पाठाची शाळा प्राथमिक असेल तर हे आधी बघा. भिंगे कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसायची, अल्कोहोल लावायचे नाही. आणि हेडसेट खिडकीजवळ ठेवू नका. भिंगांतून ऊन आत गेले तर थोड्याच वेळात पडद्यावर कायमचा डाग पडतो. बंद कपाट, भिंगांवर कापड आणि किल्ली एकाच व्यक्तीकडे.