जंपिंग चिकन आणि 'खाद्य बेडूक'

प्रश्न असा आहे : गोव्यात बेडकाच्या मांसाला 'जंपिंग चिकन' म्हणतात. ते आणि इंग्रजीतला 'एडिबल फ्रॉग' एकच का? आणि अनुवादात 'खाद्य बेडूक' लिहिलं तर चालेल का?

एकच नाहीत. 'एडिबल फ्रॉग' हे युरोपातल्या एका ठरावीक हिरव्या बेडकाचं नाव आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये त्याला 'राना एस्क्युलेंटा' म्हटलं. एस्क्युलेंटा म्हणजे सरळसरळ खाण्याजोगा. गंमत अशी की हा धड स्वतंत्र जातीचासुद्धा नाही, दोन जातींचा संकर आहे. प्रजननपेशी तयार होताना तो सहसा एका पालकजातीची जनुकं पूर्ण टाकून देतो आणि ती भरून काढायला पुन्हा त्याच जातीचा जोडीदार गाठतो. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात आता 'क्लेप्टन' या शब्दाचा संक्षेप घालतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चोरी!

'खाद्य बेडूक' वाचल्यावर मराठी वाचकाला हे काही कळणार नाही. खाद्यतेल, तसा खाद्य बेडूक, म्हणजे खाल्ला जाणारा कुठलाही, असंच तो समजेल. त्या अर्थाने गोव्यातलाही खाद्यच. पण तो आपल्याकडचा मोठा बेडूक, शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस. पहिल्या पावसात ज्याचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून रात्रभर ओरडतात, तोच. त्या ओरडण्यामुळेच बॅटरी घेऊन निघालेल्यांच्या हाती सापडतो.

आता 'चिकन'. ही एकट्या गोव्याची करामत नाही. चिनी भाषेत खाण्याच्या बेडकाला 'थ्येन-ची' म्हणतात, म्हणजे शेतातली कोंबडी. दक्षिण चीनच्या होक्कियन बोलीत तीच पाण्यातली कोंबडी होते, 'सुइ-के'. हा शब्द चिनी लोकांबरोबर जावा बेटावर गेला आणि 'स्विके' झाला. तिथल्या पुर्वोदादी गावचं स्विके प्रसिद्ध आहे : आलं, लसूण आणि आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा. तिकडे कॅरिबियनमध्ये डॉमिनिका आणि माँटसेराट बेटांवरच्या एका धिप्पाड बेडकाचं नावच 'माउंटन चिकन'. डॉमिनिकात तो राष्ट्रीय पदार्थ मानला जायचा. २००२ मध्ये तिथे बेडकांना मारणारा बुरशीचा रोग पोचला आणि आता तो बेडूक जेमतेम उरलाय.

शेत, पाणी, डोंगर, उडी : विशेषण बदलतं, कोंबडी कायम. चव हे कारण आहेच. मांस पांढरं, सौम्य, तंगडीही ओळखीच्या आकाराची. पण मला वाटतं, ताटात 'बेडूक' हा शब्द नको असणं हेही तितकंच खरं कारण. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कोफिए या फ्रेंच बल्लवाने बेडकाच्या तंगड्या 'अप्सरांच्या मांड्या' अशा नावाने वाढल्या, असं सांगतात. इंग्रज गिऱ्हाईक बेडूक मागवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. (ज्यांनी आपल्या बोंबलाला 'बॉम्बे डक' केलं त्यांना हे चालून गेलं असावं.)

मराठीत असं टोपणनाव माझ्या ऐकण्यात नाही. आपल्याकडे बेडूक खेळात बेडूकउडी मारतो, दंडावर बेडकुळी होऊन येतो, विहिरीत कूपमंडूक होऊन बसतो. स्वयंपाकघरात मात्र शिरलेला नाही.

तेव्हा अनुवादात, युरोपातल्या त्या बेडकाबद्दल मजकूर असेल तर 'एडिबल फ्रॉग नावाचा युरोपीय बेडूक' लिहा. सरसकट बोलायचं असेल तर 'खाल्ले जाणारे बेडूक'. पाककृतीत 'बेडकाच्या तंगड्या' पुरे, 'पाय' नको; खातात ती मांडी. 'जंपिंग चिकन' तसंच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे बेडूक असल्याचं सांगा. आणि पर्यटनावरचा लेख असेल तर एक वाक्य जास्त घाला : वन्यजीव कायद्याने हा बेडूक मारायला आणि विकायला बंदी आहे. भारतातून तंगड्यांची निर्यातही १९८७ मध्ये बंद झाली. मेनूकार्डावर चिकन लिहिल्याने त्यात काही फरक पडत नाही.