चोरी, जबरी चोरी, दरोडा आणि खंडणी या शब्दांत नेमका फरक काय?

ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने ती जंगम वस्तू हलवली की ती चोरी. वस्तू जागची हलली तरी पुरे, घरी नेलीच पाहिजे असं नाही. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) हे कलम ३०३ मध्ये आहे.

चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना मारहाण केली, अडवून ठेवलं किंवा तत्काळ इजा होण्याची भीती घातली, तर ती जबरी चोरी, कलम ३०९. इथे एक बारकावा आहे: माल टाकून देऊन केवळ निसटण्यासाठी धक्काबुक्की केली, तर ती जबरी चोरी ठरत नाही. बळाचा वापर मालासाठी हवा.

जबरी चोरीत पाच किंवा जास्त जण मिळून सामील असले की तो दरोडा, कलम ३१०. नुसता प्रयत्नही पुरतो आणि तिथे हजर राहून मदत करणाराही त्या संख्येत धरला जातो. म्हणून दोघांनी पिस्तूल दाखवून बँक लुटली तर बातमीत ‘दरोडा’ छापून येतो, पण कायद्याने ती जबरी चोरीच. सहा जणांनी रिकामं घर फोडलं तरी दरोडा नाही, ती घरफोडी.

खंडणीत माणूस भीतीपोटी स्वतःच्या हाताने पैसे देतो. ‘परवापर्यंत दे, नाहीतर बघ’ ही खंडणी. समोर उभं राहून, चाकू लावून ‘आत्ता काढ’ म्हटलं की तीच जबरी चोरी होते.