बॅग तू भर

बाय,

परवा तू पावसात भिजत आलीस, छत्री ओट्यावर झटकलीस आणि म्हणालीस, "टीचर, बॅग भरून झाली, पण तिच्यात काय आहे ते मलाच ठाऊक नाही." आणि रडायला लागलीस. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले, कारण त्या क्षणी काय बोलावं ते सुचलं नाही. तू गेलीस आणि ते वाक्य घरात राहिलं. रात्री झोप आली नाही. म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू "हो टीचर, हो टीचर" म्हणाली असतीस आणि संध्याकाळपर्यंत विसरली असतीस. अकरावी-बारावीची दोन वर्षं तुला शिकवलंय, तुझं "हो" मला माहीत आहे.

तू हुशार आहेस, शिकायला पुणं चांगलं आहे, सगळं नीट होईल, यातलं काही मी लिहिणार नाही. ते तुला अख्खं साखळी गाव सांगतंय. मला एकच सांगायचंय. ती बॅग उघड, पलंगावर रिकामी कर आणि पहिल्यापासून तू भर.

तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं टीचर काय घेऊन बसल्या. तर ऐक.

1984 साली मी बी.एस्सी. झाले. गोवा विद्यापीठ 1985चं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे पुण्यात एम.एस्सी.ला जायचं तर मुंबई विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायची मुभा देणारा कागद, लागायचं. अर्ज करून, वाट बघून, कॉलेजच्या ऑफिसात खेपा घालून मी ते मिळवलं. घरी आले आणि आईच्या हातात दिलं. "नीट ठेव" म्हटलं. माझं जे चुकलं ते तिथे चुकलं, पुढे जे झालं ते त्याचं व्याज.

आई आणि मोठी काकी दोन दिवस ट्रंक भरत होत्या. हिरवी पत्र्याची ट्रंक, बाबांच्या वेळची, दोन्ही बाजूंना कड्या. मी झोपाळ्यावर मासिक वाचत पडले होते. आई मधूनमधून विचारायची, "हे ठेवू?" मी मान वर न करता म्हणायची, "ठेव." उकड्या तांदळांची पिशवी गेली, कोकमाच्या सोलांचा डबा गेला. सुकी कोळंबी, आपली सुंगटं, तीन कागदांत गुंडाळून गेली, फणसाचं साट गेलं, सोललेले चार नारळ गेले. कपड्यांच्या घड्यांमध्ये कोकमाच्या आगळाची बाटली उभी केली, बुचावर मेण ओतून.

आई पुरुमेंत भरत होती, हे मला फार उशिरा कळलं. मे महिन्यात आपण पावसाळ्याचं पुरुमेंत भरतो ना, चार महिने घराबाहेर पडता आलं नाही तरी चूल पेटती राहावी म्हणून? तिच्या डोळ्यांपुढे तेच होतं. मुलगी चाललीय म्हणजे पावसाळा आला. तुझी आई आज तेच करतेय. तिच्या हातून दुसरं काही होणारच नाही, आणि त्याबद्दल तिच्याशी एक शब्दही वाकडा बोलू नकोस. पण पुरुमेंत घराचं असतं, बाय. घराला कोठी असते, माळा असतो, सगळ्याचा हिशोब ठेवणारं माणूस असतं. हॉस्टेलच्या खोलीत तुझ्या वाट्याला एक कपाट, एक खाट आणि खाटेखालची जागा येईल. आणि हिशोब तुलाच ठेवावा लागेल.

तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. आपल्याकडून मीटरगेजची गाडी लोंढ्यावरून मिरजेला जायची. मिरजेपुढे रुंद रुळांचं ब्रॉडगेज, म्हणजे तिथे उतरायचं, सामान उतरवायचं आणि पुण्याच्या गाडीत चढायचं. आता तुम्ही गोवा एक्स्प्रेसमध्ये झोपता आणि पहाटे पुण्यात उठता, मिरज कधी गेलं ते कळतही नाही. मला मात्र मिरजेचा तो प्लॅटफॉर्म अजून फरशीनिशी आठवतो. डब्यातल्या दोघा माणसांनी ट्रंक खाली उतरवून दिली आणि ती जिथे ठेवली तिथेच राहिली. मी एका कडीला धरून ओढली, ती वीतभर सरकली. हमाल आला. त्याने एक बाजू उचलून पाहिली, परत ठेवली आणि विचारलं, "काय आहे यात?"

मला सांगता आलं नाही. एकवीस वर्षांची, केमिस्ट्रीत पहिल्या वर्गात पास झालेली मुलगी, आणि स्वतःच्या ट्रंकेत काय आहे ते तिला सांगता आलं नाही. परवा तू ओट्यावर बोललीस ना, ते हेच.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना अजून त्रास होतो. स्टेशनवरून आत्येभावाबरोबर थेट प्रवेशाच्या खिडकीवर गेले, कारण प्रवेश झाल्याशिवाय हॉस्टेलची खोली नाही. खिडकीवर मायग्रेशन मागितलं. मी तिथेच व्हरांड्यात ट्रंक उघडली. मागे वीस-पंचवीस मुलं रांगेत उभी. मी नारळ बाहेर काढले, तांदूळ बाहेर काढले, सुंगटांचा वास सुटला तशी मागची मुलं दोन पावलं सरकली. आगळाच्या बाटलीचं मेण प्रवासात फुटलं होतं. माझी गुणपत्रिका एका कोपऱ्यापासून अर्ध्यापर्यंत लालभडक. मायग्रेशन कुठेच नाही. ते घरी होतं, कपाटात, आईच्या लग्नातल्या शालूखाली, घराच्या कागदांबरोबर, हरवू नये म्हणून. मी "नीट ठेव" म्हटलं होतं ना, तिने नीट ठेवलं होतं.

घरी तार केली, रजिस्टर पोस्टाने कागद आला. तोवर हॉस्टेलच्या खोल्या भरल्या होत्या. वर्षभर आत्याच्या ओळखीच्यांकडे राहिले, लांब, दोन बस बदलून. प्रॅक्टिकल संपायला उशीर व्हायचा, शेवटची बस चुकायची. एप्रिलमध्ये मी परत आले आणि पुन्हा गेले नाही. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं की मुलीला घरची आठवण आली. चाळीस वर्षं ते ऐकतेय. बाय, मला घरची आठवण आली नव्हती. मला तिथे राहायचं होतं. तिथल्या लॅबच्या खिडकीतून दिसणारं वडाचं झाड मी आजही काढून दाखवीन. मी परतले ते दोन बसमुळे, आणि त्या दोन बस आल्या एका कागदामुळे, आणि तो कागद मी स्वतः ट्रंकेत ठेवला नाही म्हणून. तुला कोणी म्हटलं की टीचरनी एम.एस्सी. अर्धी सोडली, तर तू हे सांग.

ती गुणपत्रिका अजून माझ्याकडे आहे. डाग आता विटकरी झालाय.

म्हणून कागदांपासून सुरुवात कर. पर्वरीच्या बोर्डाचं मायग्रेशन, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, मामलेदाराकडचा रहिवासी दाखला, फोटो. तू गोवा बोर्डाची, महाराष्ट्राबाहेरच्या बोर्डाची, म्हणून तिथे तुझा एलिजिबिलिटीचा, म्हणजे पात्रतेचा, वेगळा फॉर्म असेल आणि त्यासाठी मायग्रेशन लागेलच. मूळ दाखला आणि मायग्रेशन एकदा कॉलेजने घेतलं की ते सहसा तुझ्याकडे परत येत नाही, तेव्हा देण्याआधी त्यांच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेव. डिजिलॉकरमध्ये असलेलं सगळं असू दे, कायद्याने ते मूळ कागदाच्या बरोबरीचं आहे, पण खिडकीपलीकडचा माणूस हात पुढे करतो तो कागदासाठी. फाइल एकच. ती मोठ्या बॅगेत नको, खांद्यावरच्या पिशवीत हवी, आणि ती पिशवी प्रवासात उशाखाली. बाबांना सांग की फाइल मी लावणार. ते लावून देतील, माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा नीट लावतील, रंगीत कप्पे करतील. नको. तू लाव. कुठला कागद कुठल्या कागदाच्या मागे आहे ते तुझ्या बोटांना कळलं पाहिजे.

आणि फोन. तुझ्या बँक खात्याला कोणाचा नंबर जोडलाय? मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबांचा." आधारला? "बाबांचाच." बाय, ही तुझी हिरवी ट्रंक आहे. तू खिडकीवर उभी राहशील, फी भरायची असेल, ओटीपी जाईल बाबांच्या फोनवर, आणि बाबा असतील चोर्ल्याच्या घाटात, जिथे रेंज नाही. या आठवड्यात बँकेत जा, आधार केंद्रावर जा, तुझा नंबर घाल. रांग असेल. उभी राहा. जायच्या आदल्या दिवशी हे करता येत नाही, म्हणून हे सगळ्यात जास्त चिडून सांगतेय.

बाकी सामानाचं मला फारसं पडलेलं नाही. तुझ्या सीनियरने फोनवर पाठवलेली ती लांबलचक यादी तू मला वाचून दाखवलीस, तिच्यातल्या निम्म्या वस्तू पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. बादली, मग, हँगर, चादर तिथे घे. इलेक्ट्रिक किटली नेण्याआधी हॉस्टेलचे नियम वाच, पुष्कळ ठिकाणी चालत नाही आणि जप्त होते. स्वेटर इथे घेऊ नकोस. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करणं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली जातो. थंडी काय असते ते अंगाला कळू दे आणि मग तुझं तू घे. रेनकोट एक पुरे. आईने तीन छत्र्या ठेवल्यात म्हणालीस. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. आणि कपडे भरण्याआधी दोन दिवस खोलीत दोरीवर पंख्याखाली टाक. जूनमध्ये आपल्याकडे सुकलेले वाटणारे कपडेही आतून ओलसर असतात. बॅग उघडलीस की कुबट वास येईल, आणि खोलीतल्या मुलींशी ओळख त्या वासाने व्हायला नको.

वजनाचं म्हणशील तर रेल्वे स्लीपरमध्ये 40 किलोपर्यंत फुकट नेऊ देते. ते रेल्वेचं माप झालं. तुझं माप वेगळं आहे. भरलेली बॅग घेऊन तुमच्या घराच्या जिन्यावरून गच्चीवर जा आणि परत खाली ये. एकटी. भावाने मागून हात लावायचा नाही. मध्ये टेकवावी लागली तर उघड आणि काढ.

काय काढायचं ते मी सांगणार नाही. तुझी मामी म्हणेल सुंगटं नेऊ नको, वास येतो. आई म्हणेल ने. मी दोघींच्या बाजूची नाही. तुला आवडतात तर ने, हवाबंद डब्यात ने, खोलीतल्या मुलींना विचारून उघड. सोलं न्यायची तर ने. पण डबा तू धू, तू पुस, सोलं तू भर, झाकण तू लाव आणि उलटा करून बघ गळतोय का. कमी ने असं मी म्हणतच नाही, लोकांना नेहमी तसं वाटतं. चाळीस किलो ने हवं तर. पण कोणी विचारलं, "काय आहे यात?" तर न उघडता सांगता आलं पाहिजे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

पुण्याहून परतल्यावर मी आईला माझी बॅग कधी भरू दिली नाही. बी.एड.ला जाताना नाही, लग्नात नाही, नोकरीत कुठे शिबिराला जायचं झालं तरी नाही. एकदा, ती खूप थकली होती तेव्हा, मी चार दिवसांसाठी बेळगावला निघाले होते. मी आंघोळीला गेले आणि तिने माझ्या बॅगेत एक डबा ठेवला. खाजं होतं, जत्रेतलं, आल्याचं, मला आवडतं ते. मी बाहेर आले, बॅग जड लागली, उघडली, डबा काढला आणि पलंगावर ठेवला. ती दारात उभी होती. काही बोलली नाही. मीही बोलले नाही, बस पकडायची होती. परत आले तेव्हा डबा तिथेच होता, न उघडलेला. त्यानंतर तिने माझ्या बॅगेला हात लावला नाही.

मी चुकले असं मला म्हणायचं नाही. बॅग माझी होती आणि मी तेव्हाही बरोबर होते, आजही तेच म्हणेन. पण डबा काढून तिच्या हातात देता आला असता. त्यातलं एक खाजं तिथेच उभ्याने खाता आलं असतं, आणि म्हणता आलं असतं की आई, आता मीच ठेवते. तेवढा वेळ होता.

तेव्हा रविवारी दुपारी माझ्याकडे ये. बॅग रिकामी करून आण आणि सामान वेगळ्या पिशव्यांत आण. आईलाही घेऊन ये, मी बोलावलंय म्हणून सांग. आम्ही दोघी ओट्यावरच्या बाकावर बसू, मी भजी करीन. तुझ्या आईचे हात शिवशिवतील, ते मी बघते. तू भर.

तुझी,
टीचर